‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

बेंगळूरला किंवा पुण्याला नोकरी करणारी मुलं सुट्टीला घरी आली की त्यांच्या बोलण्यात ‘जिरा’ हा शब्द हमखास येतो. “ते मी जिरामध्ये टाकलंय,” असं सून फोनवर म्हणाली की सासूबाईंना फोडणी आठवते! पण या जिराचा आपल्या जिऱ्याशी किंवा कन्नडमधल्या जीरिगेशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या अटलासियन कंपनीने २००२ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर. नाव घेतलं ‘गोजिरा’वरून, म्हणजे जपानी सिनेमातल्या गॉडझिलावरून. कोणतं काम कोणाकडे आहे, कुठवर आलं, कुठे अडलं, याची सर्वांना दिसेल अशी नोंद ठेवणं हे त्याचं मुख्य काम.

उद्यमबाग, मच्छेकडची तरुण कारखानदार मंडळी भेटली की विचारतात, “आपण कोणतं घ्यावं? जिरा, ट्रेलो, आसना, की चेन्नईच्या झोहोचं?” मी म्हणतो, नावाचं नंतर बघू. आधी ‘झालं’ या शब्दाचा अर्थ ठरवा.

पंपाचं बिडाचं कवच घ्या. डिझाईनवाला म्हणतो, झालं. म्हणजे ड्रॉईंग पाठवलं. पॅटर्नवाला म्हणतो, झालं. म्हणजे पॅटर्न तयार, पण मापं तपासायची आहेत. फौंड्रीतला सुपरवायझर म्हणतो, “आतु नोड्री”. म्हणजे रस ओतला, कास्टिंग अजून वाळूतच आहे. मशिनशॉपच्या हाती काही आलेलं नसतं आणि ऑफिसातून गिऱ्हाइकाला निरोप जातो, झालं! मग तारीख चुकते. दोनदा चुकली की ऑर्डर दुसरीकडे जाते. त्या महिन्याचा ओव्हरटाईम बुडतो आणि तो थेट घरच्या किराण्यात दिसतो.

माझ्या माहितीतल्या एका कारखान्याने महागडं सॉफ्टवेअर घेतलं. पैसे दर माणशी, दर महिन्याला. म्हणून ते फक्त ऑफिसातल्या लोकांना दिलं. फौंड्रीची माहिती संध्याकाळी एक कारकून फोनवर विचारून भरायचा. पडद्यावर सगळं हिरवं आणि माल यार्डात पडलेला.

म्हणून निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, शेवटच्या माणसाला ते मोबाईलवर, मराठीत किंवा कन्नडमध्ये भरता येतं का? दोन आठवडे एकच खरी ऑर्डर घेऊन त्याच्याच हाती देऊन पाहा. दुसरी, कामाचा स्वभाव. पॅटर्नशिवाय साचा नाही, साच्याशिवाय ओतकाम नाही. अशा एकामागून एक चालणाऱ्या कामाला तारखांचे पट्टे दाखवणारा गँट तक्ता हवा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचा भर त्यावरच आहे. डिझाईन, दुरुस्ती, तक्रारी अशा सुट्या कामांना कानबान बरं. कानबान म्हणजे जपानीत पाटी. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी ही पद्धत कारखान्यात रुजवली. आजच्या कानबान फळ्याचं मर्म असं, की एका रकान्यात ठरल्यापेक्षा जास्त चिठ्ठ्या ठेवायच्या नाहीत. जिथे गर्दी होते तिथेच काम अडलंय, हे लगेच कळतं.

तिसरी गोष्ट, आपली माहिती बाहेर काढता येते का? आपल्याच यंत्रावर चालणाऱ्या जिराच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा आधार कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला. ती वापरणाऱ्यांना दुसरी सोय बघावी लागली. आपल्यावर ती वेळ आली तर ऑर्डरींचा इतिहास हाताशी हवा.

या तिन्हींच्या आधी मात्र एक बिनखर्चाचं काम करावं. प्रत्येक विभागाच्या माणसाला समोरासमोर बसवून त्याचं ‘झालं’ म्हणजे काय, हे एका वाक्यात लिहून घ्यावं आणि तो कागद मराठी-कन्नड दोन्हींत फौंड्रीच्या भिंतीवर लावावा. महिनाभर भिंतीवरच चिठ्ठ्या लावून काम चालवावं. भिंत अपुरी पडू लागली, की दुकानदाराला नेमकं काय मागायचं ते आपोआप कळेल.