सोपाऱ्याचा आंधळा तांडेल आणि गोष्टीतले कच्चे दुवे

नालासोपाऱ्याच्या नावाशी जोडलेली एक अद्भुतकथा दीड हजार वर्षांहून जुनी आहे. पाली जातकांत तिचा क्रमांक 463, नाव ‘सुप्पारक जातक’. नायक आंधळा तांडेल आहे; खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले. पाली कथेत तो भरुकच्छाचा, म्हणजे आजच्या भडोचचा. आर्यशूराने संस्कृत ‘जातकमाले’त मात्र त्याला सुपारग नावाच्या बंदरात, म्हणजे आजच्या सोपाऱ्यात, बसवले आणि त्याच्यावरूनच गावाला नाव पडल्याचे सांगितले. सातशे व्यापाऱ्यांचे जहाज घेऊन हा तांडेल निघतो, जहाज भरकटते आणि चार महिने एकाहून एक अजब समुद्र लागत जातात. एकात वस्तऱ्यासारख्या नाकाचे प्राणी पाण्यात बुड्या मारताना दिसतात, दुसरा आगीसारखा लखलखतो, तिसरा दह्यासारखा पांढरा. कुमारवयीन वाचकांसाठी आज लिहिल्या जाणाऱ्या जादूच्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचे तर या गोष्टीपासून सुरुवात करावी, कारण हिच्यात जे आहे ते त्यांतल्या पुष्कळ कादंबऱ्यांत नाही.

आंधळा माणूस जहाज कसे हाकणार? ही शंका कोणत्याही चौदा वर्षांच्या मुलाला येईल. कथेने ती आधीच ओळखली आहे. या सफरीवर निघण्यापूर्वी हा तांडेल राजाकडे पारखी म्हणून राहतो. मंगलहत्ती करायचा म्हणून आणलेला हत्ती तो हाताने चाचपतो आणि सांगतो, हा उपयोगाचा नाही, याचे मागचे पाय अधू आहेत. जन्मला तेव्हा आईला त्याला नीट सावरता आले नाही, तो जमिनीवर पडला. चौकशी होते, बोलणे खरे निघते. राजा त्याच्या हातावर आठ नाणी टेकवतो. या माणसाचे ज्ञान डोळ्यांत नाहीच, हे जहाजाने बंदर सोडण्याआधीच आपल्याला पटलेले असते. म्हणून पुढे तो व्यापाऱ्यांना ‘काय दिसते’ ते विचारतो आणि त्यांच्या वर्णनावरून समुद्राचे नाव सांगतो, तेव्हा खटकत नाही. पहिल्या समुद्रात हिरे आहेत हे त्याला ठाऊक असते, पण तो बोलत नाही. सांगितले तर हे लोक हावेपोटी इतके हिरे भरतील की जहाज बुडेल. मग मासे धरायचे निमित्त करून तो जाळे टाकतो, हिरे वर काढतो आणि हलक्या किमतीचा माल समुद्रात टाकून देतो. त्या एका जाळ्यात तांडेलाचा स्वभाव आहे, व्यापाऱ्यांचाही आहे, आणि त्यातूनच कथा पुढे सरकते.

अद्भुतात काहीही चालते, हा समज इथेच खोटा ठरतो. अद्भुत लिहिणाऱ्याला जगाचे नियम बदलायची मुभा असते. बदललेले नियम सोयीने विसरायची नसते. ‘हॅरी पॉटर’च्या 1999 साली आलेल्या तिसऱ्या भागात हर्मायनीला काळात मागे नेणारे यंत्र मिळते, आणि तेही शाळेतल्या जास्तीच्या तासांना हजर राहता यावे म्हणून. शेवटी त्याच यंत्राने दोन जीव वाचतात. मग चौथ्या भागात सेड्रिक मरतो तेव्हा ते कोणालाच कसे आठवत नाही? वाचकांनी विचारले, आणि बरोबर विचारले. 2003 च्या पाचव्या भागात जादू मंत्रालयातला अशा यंत्रांचा साठाच फुटून जातो. कच्चा दुवा मागाहून झाकला, पण झाकल्याचा व्रण दिसतो. तरीही ही मालिका उभी राहते, कारण तिच्यातली माणसे पक्की आहेत. हर्मायनी कुठल्याही संकटात आधी ग्रंथालयाकडे धावेल, हे वाचकाला तिच्याइतकेच माहीत असते.

यंत्राचा दुवा निसटला तर वाचक एक वेळ सोडून देतो. माणसाचा निसटला तर पुस्तक खाली ठेवतो. या प्रकारच्या कादंबऱ्यांत एक ठरावीक नमुना पुन्हा पुन्हा भेटतो. सोळा वर्षांची नायिका आयुष्यभर चूल सांभाळते आणि तीन आठवड्यांत तलवार शिकून सेनापतीला लोळवते. लेखक तिला हुशार म्हणतो, पण जो एक प्रश्न विचारला असता तर तिसऱ्याच प्रकरणात गैरसमज मिटला असता, तो ती विचारत नाही. का? तर पुढची तीनशे पाने भरायची आहेत. इथे पात्र स्वतःच्या बुद्धीने वागत नाही, लेखकाच्या गरजेने वागते. पान तिसावर कळलेली गोष्ट ती पान दोनशेवर विसरते, तीही त्याच गरजेने.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. या वयाची मुले अशीच असतात. सकाळी एक बोलतात, संध्याकाळी दुसरे करतात. मग पात्रे विसंगत असली तर ते वास्तवच नव्हे का? मुले विसंगत वागतात हे खरे, पण विनाकारण नाही. भीती असते, मित्रांसमोर लाज असते, घरातले न बोललेले काहीतरी असते. ते कारण कादंबरीत कुठेतरी दिसले पाहिजे. नायिकेने प्रश्न विचारला नाही कारण उत्तराची तिला भीती वाटत होती, एवढे एक वाक्य जरी आधी पेरलेले असेल, तरी त्याच कच्च्या दुव्याचा स्वभाव होतो.

दुसरा आक्षेप जुन्या कथांच्या बाजूचा. सुप्पारकाची गोष्ट तरी निर्दोष आहे का? शेवटी वडवामुख समुद्रात जहाज बुडणार तेव्हा तो सत्यक्रिया करतो: मी जाणूनबुजून एकाही जिवाला इजा केलेली नाही, हे खरे असेल तर जहाज सुखरूप परतो. जहाज एका दिवसात घरी पोचते. मग हा उपाय चार महिने आधी का नाही केला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की आधीच्या समुद्रांत जहाज भरकटले होते, बुडत नव्हते. आणि सत्याचे बळ हा त्या काळच्या श्रोत्यांना अनेक कथांतून ठाऊक असलेला नियम होता, ऐन वेळी काढलेला नाही. कोणाला हे उत्तर अपुरे वाटेल. वाटू दे. हिऱ्यांसाठी जाळे टाकणाऱ्या माणसाच्या तोंडी ती शपथ शोभते, आणि माझ्या दृष्टीने कथा तिथे तरते.

मराठीत कुमारवयाकडे पाहण्याची दृष्टी मला काळजीची वाटते. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिताना मुलांना कमी लेखले नाही. फास्टर फेणेचे, म्हणजे बनेशचे, धाडस त्याच्या सायकलीतून, त्याच्या चौकस स्वभावातून येते, आकाशातून पडत नाही. आज कुमारांसाठीचे हस्तलिखित आले की ‘मुलांचेच तर आहे’ म्हणून संपादक सैल होतात. प्रौढांच्या कादंबरीला जे प्रश्न विचारले जातात ते इथे कोणी विचारत नाही, आणि मुले मात्र ते विचारतात.

वसई-विरारमधल्या शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीच्या आत एकात एक बसणारे करंडक निघाले, सगळ्यात आत सोन्याचा. हा स्तूप मुलांना दाखवायला नेलेत, तर तिथे आंधळ्या तांडेलाची गोष्टही सांगा. आणि मध्येच कोणी ‘पण असे कसे?’ म्हणाले, तर ‘गोष्ट आहे ती’ म्हणून त्याला गप्प करू नका.