सायकलस्वारांचा रस्ता

रविवारी सकाळी पणजी-रायबंदर मार्गावर सायकलस्वारांचे थवे दिसतात, ही समाधानाची गोष्ट होय. 1634 साली पुरा झालेला, सुमारे 3 किलोमीटर लांबीचा हा कॉजवे सपाट आहे; एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस खारफुटी. पुढे रायबंदरहून फेरीबोटीने चोडण गाठावे, अशी रपेट अन्यत्र विरळाच! परंतु मागून भरधाव मोटार आली की आनंदाची जागा भय घेते. हौशी स्वार कंटाळून घरी बसेल. सायकलवरून दारोदार पाव पोहोचविणाऱ्या पोदेराला ती मुभा नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नव्हे. कॉजवेवरील मोटारींच्या वेगाला सरकारने केवळ रविवारी नव्हे, तर रोजच लगाम घालावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.