फाटलेले एक पान : जयंत नारळीकर, पानिपत आणि ‘जर-तर’चा इतिहास

१/१५
साल १९७४. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक : नारायण विनायक जगताप. या नावाचा लेखक मुळात अस्तित्वातच नव्हता. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होतात. जयंत विष्णू नारळीकर!

२/१५
त्या वेळी नारळीकर ३६ वर्षांचे होते. कोल्हापुरात जन्म, बनारसला शिक्षण, १९५९ साली केंब्रिजला रँग्लर परीक्षेत पहिला क्रमांक, वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण. हे नाव पाहून परीक्षक दबले असते. म्हणून टोपणनाव घेतले आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये यासाठी पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. कीर्ती बाजूला ठेवून कथेने स्वतःच्या बळावर उभे राहावे, ही त्यामागची धारणा.

३/१५
खगोलशास्त्रज्ञाने कथा लिहिणे हे त्यांना वावगे वाटण्याचे कारण नव्हते. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हे थोर खगोलशास्त्रज्ञ, स्कॉटलंडमधील ३,००० फुटांहून उंच शिखरे एकामागून एक पालथी घालणारे गिर्यारोहक आणि १९५७ सालच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या गाजलेल्या विज्ञान कादंबरीचे लेखक. दुर्बीण, डोंगर आणि लेखणी एकाच हातात शोभतात, हे शिष्याने केंब्रिजलाच पाहिले होते.

४/१५
नारळीकरांपूर्वी मराठीत विज्ञानकथा नव्हती, असे मात्र नाही. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मराठी मुलांच्या हाती दिले. तरीही साहित्याच्या मुख्य ओसरीवर या प्रकाराला जागा नव्हती. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी नारळीकरांच्या कथांची दखल घेतली आणि दार किलकिले झाले.

५/१५
हे सारे अनेकांना ठाऊक आहे. इतिहासाच्या वाचकांसाठी महत्त्वाची आहे ती ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातली वेगळीच कथा : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचे संक्षिप्त इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आले. ही कथा सर्वाधिक वाचली गेली आणि, स्पष्टच म्हणायचे तर, सर्वाधिक चुकीची वाचली गेली.

६/१५
कथा थोडक्यात अशी. पुण्याचे इतिहासकार प्रा. गंगाधरपंत गायतोंडे ‘पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर?’ या विचारात असताना ट्रकला धडकतात आणि एका वेगळ्याच जगात पोहोचतात. तिथे मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे, आणि उर्वरित देशात मराठी सत्तेतून उगवलेली स्वतंत्र राजवट. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे.

७/१५
समाजमाध्यमांवर दर १४ जानेवारीला हा भाग फिरतो आणि खाली उसासे पडतात : ‘असे झाले असते तर!’ पण कथा तिथे थांबत नाही. पंत त्या विजयी जगाचा जयजयकार करत बसत नाहीत. ते थेट ग्रंथालय गाठतात. आपल्याच नावावरचा इतिहासग्रंथ उघडतात, खंडामागून खंड चाळतात आणि दोन जगांची वाट नेमकी कुठे फुटली ते शोधतात.

८/१५
ती वाट फुटते भाऊसाहेबांच्या बखरीच्या एका पानावर. आपल्या इतिहासात विश्वासराव गोळी लागून पडले. तिथल्या बखरीत तीच गोळी कानाजवळून निघून जाते. फरक एवढासाच. त्या फरकातून फौजेचे धैर्य, लढाईचा निकाल आणि उपखंडाचे भवितव्य बदलते. नियतीने सारे आधीच लिहून ठेवलेले असते, या समजुतीला याहून साधे उत्तर मराठी कथेत क्वचितच सापडेल.

९/१५
मग नारळीकरांचा खास मिश्कीलपणा येतो. आझाद मैदानावर सभा चाललेली असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषवलेले पंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात. त्या जगाने मात्र सभाध्यक्ष ही प्रथाच मोडीत काढलेली असते! श्रोते त्यांच्यावर हाती लागेल ते फेकू लागतात. विजयी मराठ्यांच्या राज्यात मराठी इतिहासकाराच्या वाट्याला येतो तो हा सत्कार.

१०/१५
पंत आपल्या जगात परततात. पदार्थविज्ञान जाणणारे मित्र राजेंद्र देशपांडे याला भास ठरवू पाहतात, तेव्हा पंत खिशातून बखरीचे फाटलेले पान काढतात. कथेचा गाभा इथे आहे. पुरावा समोर येताच देशपांडे आपले मत बदलतात आणि क्वांटम सिद्धान्ताच्या आधारे स्पष्टीकरण शोधू लागतात. कथा ‘आपण जिंकलो असतो’ याची नाही. ‘हे मानायचे तर आधार काय?’ या प्रश्नाची आहे.

११/१५
आता इतिहासाच्या बाजूने एक आक्षेप नोंदवायला हवा. पानिपत केवळ एका गोळीने ठरले का? फौज सुमारे अडीच महिने कोंडलेली होती, रसद तुटली होती, सूरजमल जाटासारखा मित्र दुरावला होता, माणसे उपाशी पोटी लढायला उतरली. विश्वासरावांचा मृत्यू ही ठिणगी असेल, पण दारू आधीच रचलेली होती. शिवाय बखर हे उत्तरकालीन साधन. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तोच १७५० ते १७६१ च्या मूळ पत्रांचा, आणि बखरींवर किती विसंबावे हा प्रश्न त्यांनीच ठणकावून विचारला.

१२/१५
त्यामुळे कथेतले विज्ञान तिच्यातल्या इतिहासापेक्षा बळकट आहे, असेच म्हणावे लागेल. पण ही उणीव दाखवता येते, कारण नारळीकरांनी आपला आधार उघड मांडला आहे : ही बखर, हे पान, ही गोळी. खोडून काढता येईल असे विधान करणे हा अभ्यासकाचा प्रामाणिकपणा. नुसत्या उसाशांना कोणी खोडू शकत नाही, म्हणूनच त्यांतून काही शिकताही येत नाही.

१३/१५
हाच बाणा त्यांच्या पुण्यातल्या आयुष्यात दिसतो. १९८८ साली ते गणेशखिंडीतल्या आयुकाचे संस्थापक संचालक झाले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत : पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. फलज्योतिषावर वाद घालण्याऐवजी त्यांनी सहकाऱ्यांसह आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने चाचणी घेतली. हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मुले ओळखायची होती. अचूक उत्तरे आली सुमारे ४६ टक्के. नाणे उडवूनही साधारण तेवढेच साधते.

१४/१५
मग त्यांनी स्वतःला हीच कसोटी लावली का? हा प्रश्न टाळू नये. महास्फोट सिद्धान्ताला बहुतेक सर्व शास्त्रज्ञांनी मान्यता दिल्यावरही ते हॉईल यांच्यासह पर्यायी मांडणीवर ठाम राहिले. काहींना तो हट्ट वाटला. तो हट्ट असेलही. पण १९९३ साली त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धान्त मांडला, तो गणितासह आणि तपासता येईल अशा रूपात. अल्पमतात राहणे हा दोष नव्हे. तपासणीला नकार देणे हा दोष, आणि तो त्यांच्यावर ठेवता येत नाही.

१५/१५
२०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, आणि गंगाधरपंतांच्या कथाकाराची खुर्ची खरोखरच रिकामी राहिली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना आदरांजली वाहायची तर येत्या १४ जानेवारीला ‘जिंकलो असतो तर’ लिहिण्याआधी ही कथा वाचावी, शेजारी राजवाड्यांचा पहिला खंड ठेवावा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आपल्या खिशात ते पान आहे का?
(समाप्त)