हात कुणाचे, बक्षीस कुणाला?

फेब्रुवारी सरत आला की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनांची लगबग सुरू होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना जो शोध लागला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. हेतू उत्तमच. परंतु शहरातील एखाद्या प्राथमिक शाळेच्या प्रदर्शनात सहज फेरी मारावी. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की; रंगकाम नेटके, अक्षरे सुबक. शेजारी उभा असलेला तिसरीतील विद्यार्थी पाठ केलेली सहा वाक्ये एका दमात म्हणून दाखवतो. "बाळ, हे पाते उलटे बसवले तर काय होईल?" असे विचारले की तो आईकडे पाहतो. दोष त्याचा नव्हे. ती पवनचक्की बाबांनी रात्र जागून केलेली असते, नाहीतर सरळ दुकानातून आणलेली. मुलाचे बक्षीस हुकू नये या काळजीपोटी आपण मध्यमवर्गीय पालक त्याच्याकडून स्वतः चुकत शिकण्याची संधीच हिरावून घेतो.

शासकीय प्रदर्शनांची रचनाही विचार करावा अशीच आहे. तेथील 'प्राथमिक गट' सहसा सहावीपासून सुरू होतो. म्हणजे ज्या वयात मूल दिवसाकाठी शंभर प्रश्न विचारते, त्या वयाच्या वाट्याला केवळ प्रेक्षकाची भूमिका!

वास्तविक याचा वेगळा वस्तुपाठ पुण्यातच घडलेला आहे. गणेशखिंडीतील आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून मुलांच्या हातून खेळणी करवून घेतली. त्यांतील एक साधी मोटार पाहा. एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेच्या एका टोकावरचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकावरचा मात्र एकाच बाजूने. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे जागच्या जागी लटपटते, नीट फिरत नाही. का फिरत नाही, हे शोधू लागलेले मूल त्या क्षणी विज्ञान करीत असते. दुकानातल्या मोटारीत हा 'का' येतच नाही.

आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव. उत्तर येईल आणि त्याखाली माझी सही असेल. प्रश्नाचा याहून मोठा सन्मान कोणता?

नारायणगावाजवळच्या खोडद येथे तर विज्ञान दिनानिमित्त जत्राच भरते. ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणींच्या त्या प्रकल्पात परिसरातील शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात, मागोमाग गावकरीही. त्या दुर्बिणींचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची ताणलेली जाळी वापरून खर्च आटोक्यात ठेवला. काटकसरीतून काय उभे राहते, हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रमातून वेळ कोठे आहे? तक्रार खरी आहे. पण घरून सजवून आणलेल्या प्रतिकृतींसाठी एक पूर्ण दिवस जातोच ना? तोच दिवस असा वापरावा: साहित्य शाळेने द्यावे, मांडणी मुलांनी वर्गातच करावी, पालकांनी दाराबाहेर थांबावे. परीक्षकांनी भाषण ऐकू नये; वस्तू सुटी करून पुन्हा जोडायला सांगावी. न चाललेला प्रयोगही टेबलावर असावा, आणि क्रमांक तर पाचवीपर्यंत नकोतच.

वस्तीवस्तीत संस्कारवर्ग चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना तर यासाठी कोणाची परवानगीही नको. महिन्यातला एक रविवार, दहा-बारा मुले, आणि प्रत्येकापुढे एक सेल, एक चुंबक, दोन पिना व हातभर तार.