घर सोडलेल्यांचा कौल

ज्वालामुखी जागृत झाल्याची वार्ता आली की सर्वांस प्रथम चिंता वाटते ती माणसांच्या सुटकेची. ती सुखरूप बाहेर पडली की जग निश्चिंत होते. परंतु त्यांनी पुढे कोठे राहावे, हे कोणी ठरवायचे? दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्या बेटाचा इतिहास ह्या संदर्भात आम्हांस बोधप्रद वाटतो.

हे बेट म्हणजे सागरातून वर आलेला ज्वालामुखीच होय. केपटाउन तेथून सुमारे २,८०० किलोमीटर दूर आहे. १५०६ साली हिंदुस्थानच्या वाटेवर असलेल्या एका पोर्तुगीज दर्यावर्दीने ते पाहिले आणि त्याचेच नाव बेटाला मिळाले. १८१७ साली तेथील ब्रिटिश लष्करी तुकडी परत गेली. विल्यम ग्लास हा सैनिक मात्र सहकुटुंब मागे राहिला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी लेखी करार केला: वाटा सर्वांचा सारखा, कोणीही कोणाहून श्रेष्ठ नाही. १८८५ साली होडी बुडून १५ पुरुष दगावले, तरीही वस्ती टिकली. १९०८ साली आलेल्या दोन आयरिश बहिणींमुळे तेथे कॅथलिक श्रद्धा रुजली. धर्मगुरूंची भेट क्वचितच घडते. तरीही संत जोसेफचे चर्च तेथे उभे आहे.

ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीला लागूनच जमीन दुभंगली व लाव्हा बाहेर पडू लागला. सर्व रहिवासी बचावले व इंग्लंडला पोहोचले. त्यांना निवारा, काम, शाळा, दवाखाना, सर्व काही मिळाले. आता हे लोक येथेच स्थिरावतील, असा अधिकाऱ्यांचा कयास होता. बेटवासीयांना मात्र हवा मानवेना. पहिल्याच हिवाळ्यात काही वृद्ध दगावले. बटाट्याची शेते, गुरे आणि होड्या ह्यांची ओढ सुटेना. अखेर डिसेंबर १९६२ मध्ये गुप्त मतदान झाले. परतण्याच्या बाजूने १४८ मते पडली, विरोधात अवघी ५. १९६३ साली बहुतेक सर्वजण स्वगृही परतले.

लाव्हाने कोळंबीवर्गीय शेवंडांचा कारखाना गिळला होता, किनारा बदलला होता. त्यांनी नवे बंदर, नवा कारखाना उभारला. पुढे काहींनी पुन्हा इंग्लंडची वाट धरली, हेही खरे. परंतु तो निर्णयही त्यांचा स्वतःचाच होता.

आम्हांस येथे महत्त्वाचे वाटते ते हेच. जीव वाचविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यासाठी तातडीने घर सोडावयास लावणेही समर्थनीय ठरते. मात्र संकट ओसरल्यावर विस्थापितांना विचारल्यावाचून त्यांचे भवितव्य ठरविणे, मग हेतू कितीही उदार असो, अन्यायच होय. छप्पर देता येते. आपलेपण देता येत नाही. मदतीचा हात पुढे करणाऱ्याने आधी कान द्यावा, हे त्या १४८ मतांचे सांगणे आहे.