जुन्या गाडीला रबरच बरं

शुवैखच्या औद्योगिक भागात जुन्या स्पोर्ट्स कारचं काम काढलं, की दुकानदार आधी लाल-निळ्या पॉलियुरेथेन बुशचा सेट काउंटरवर ठेवतो. रबर दोन उन्हाळ्यांत फाटतं, हे घाला, आयुष्यभर बघायला नको, असं त्याचं म्हणणं. आपली मंडळीही मान डोलावतात. माझं मत उलट आहे. शुक्रवारी सकाळी गल्फ रोडवर फिरवायच्या गाडीला बहुतेक जागी नवं, चांगलं रबरच हवं.

दुकानदाराचं निम्मं म्हणणं खरं आहे. 21 जुलै 2016 ला इथल्या मित्रिबाहमध्ये 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा उष्णतेनं रबर कडक होतं, भेगाळतं आणि इंजिनाचं तेल गळलं तर फुगतं. पॉलीला तेलाचं वावडं नाही. पण बुश काम कसं करतो ते बघा. आर्मच्या रबरी बुशमध्ये रबर धातूच्या नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की रबर स्वतःच पिळलं जातं, काही घासत नाही. पॉली मात्र नळीवर सरकतो, म्हणून त्याला ग्रीस लागतं. आणि धुळीचं वादळ, म्हणजे इथली 'तोझ', आलं की त्या ग्रीसमध्ये पिठासारखी वाळू जाऊन बसते. आधी कुरकुर, मग झीज. त्या 'आयुष्यभरा'त बुश खोलून धुण्याची मजुरी कुणी धरत नाही!

कुरकुर एक वेळ सोसता येईल. खरा धोका डॅटसन 240 झेडचे मालक ओळखून आहेत. 1969 साली आलेल्या या गाडीत पुढच्या खालच्या आर्मला टी.सी. रॉड असतो. आर्म वर-खाली होताना या रॉडलाही थोडं झुलावं लागतं. ते झुलणं रबर सहज सांभाळतं. दोन्ही बाजूंना कडक पॉली घातला, तर झुलायला जागा उरत नाही, दर खड्ड्याला रॉडच वाकतो, आणि एक दिवस थकून तुटतो. मग चाक कुठे जाईल ते सांगायला नको. म्हणून जाणकार एका बाजूला तरी रबर ठेवतात. बुशनं धक्का गिळला नाही, तर तो पन्नास वर्षांच्या पत्र्यानं आणि वेल्डिंगनं गिळायचा. इथले रस्ते सपाट असले, तरी नोव्हेंबर 2018 च्या पावसानंतर सुटलेली खडी आठवते ना?

पॉली सगळीकडेच वाईट, असं मात्र नाही. अँटी-रोल बारच्या पकडीत दांडा फक्त फिरतो आणि ग्रीस भरायला हातही पोचतो. तिथे पॉली खुशाल घाला. डेल्रिनचे बुश किंवा धातूचे गोल जॉइंट रेसवाल्यांनी वापरावेत, आपले दात आणि मणके शाबूत हवेत. एमजीबीवाल्यांची युक्ती मला सगळ्यात आवडते. ते पुढच्या खालच्या विशबोनला व्ही-8 मॉडेलचे, नळीला जोडलेले रबरी बुश बसवतात. मूळ बुशपेक्षा टिकतात आणि गाडीचा मऊपणाही जात नाही.

मुंबईहून येणाऱ्या भावाला ऑपेरा हाउसच्या दुकानांतून बुश आणायला सांगणार असाल, तर एवढंच बजावा: तीस-चाळीस वर्षं खोक्यात पडलेला बुश कोरा दिसला तरी घ्यायचा नाही. रबर न वापरताही म्हातारं होतं. तारीख बघायची, तारीख नसेल तर नखानं दाबून बघायचं.

आणि बसवताना शेवटचा बोल्ट आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करूनच. जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या दिवशी गॅरेजात हीच पायरी गाळली जाते, तेव्हा त्या वेळी मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा.