'स्टेशन' आणि माडाचा शेंडा

रत्नागिरीनजीक भाट्ये येथे १९५५ पासून नारळावर संशोधन चालते. इंग्रजीत ती संस्था 'स्टेशन'. मराठीत 'प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र'. रेल्वेचे मात्र 'स्थानक', पोलिसांचे 'ठाणे' आणि महाबळेश्वर 'थंड हवेचे ठिकाण'. यात मराठीचे दारिद्र्य नाही, विवेक आहे. इटालियन भाषाही रेल्वेच्या 'स्तात्सिओने'हून विजेचे 'चेंत्राले' वेगळे राखते.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले, हे ऋण मोठे आहे. परंतु कोशातील पहिलाच प्रतिशब्द उचलण्याची सवय घातक ठरते आणि आता यंत्राच्या अनुवादाने तिला बळ दिले आहे. माडाच्या 'क्राउन'ला कोणी 'मुकुट' म्हटले, तर गेंड्या भुंग्यावरील औषध नेमके कोठे घालावे, हे बागायतदाराने कसे ओळखावे? 'शेंडा' हा शब्द तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या तोंडी आहे. अनुवादकाच्या चुकीची किंमत अखेर त्यालाच मोजावी लागते.

म्हणून शेतीविषयक प्रत्येक पत्रक छापण्यापूर्वी एखाद्या जाणत्या बागायतदाराला वाचून दाखविण्याचा दंडक शासनाने घालावा. कोशाने पर्याय सुचवावेत; निवाडा व्यवहाराने करावा.